उद्दिष्टं कोणाच्या सोयीची?

१९४२ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात लुइस नावाच्या एका शेतकरी जोडप्याकडे आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा राहायला आला. नाव डोनल्ड ट्रिपलेट. बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी पुढच्याच वर्षी अकरा मुलांवर शोधनिबंध लिहिला आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, वैद्यकाच्या नकाशावर आली. त्या अकरा मुलांतला पहिला हा डोनल्ड. त्याला मोजमापांचं वेड होतं, बोलणंही सारखं त्याबद्दलच. लुइस पती-पत्नींनी त्याला गप्प बसवलं नाही. विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली ते मोजून सांगायचं काम त्याच्याकडे दिलं. मक्याच्या ओळी तो पुन्हापुन्हा मोजत बसायचा, तर नांगर हातात दिला. नांगरता नांगरता मोज म्हणाले. कॅनर शेतावर भेटीला गेले आणि या जोडप्याच्या शहाणपणाने चकित झाले. मुलाला झेपतील आणि शोभतील अशी उद्दिष्टं यांना देता आली, अशी नोंद त्यांनी पुढे केली.

डोनल्ड शिकला, पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, गोल्फ खेळला, जगभर हिंडला आणि जून २०२३ मध्ये ८९व्या वर्षी वारला. बँक त्याच्या आजोळच्या घराण्याची होती आणि गावात त्या घराण्याला मान होता, हेही सांगायला हवं. सगळ्यांच्या वाट्याला असं आजोळ येत नाही. पण शेतावरच्या त्या वर्षांत कोणीही त्याला मोजणं सोडायला लावलं नाही, ही गोष्ट पैशांनी आलेली नव्हती.

पुढच्या पिढीच्या वाट्याला मात्र वेगळी उद्दिष्टं आली.

कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ ओले इवार लोवास यांनी १९८७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार वर्षांखालच्या १९ मुलांना आठवड्याला ४० तास, दोन वर्षं आणि त्याहून जास्त काळ, एकास एक शिकवणी दिली होती. १९ पैकी ९ मुलं सर्वसाधारण शाळेत पहिली पार करून गेली आणि त्यांचा बुद्ध्यंक सर्वसाधारण पट्ट्यात आला. सोबत्यांमध्ये ती वेगळी ओळखू येत नव्हती, असा दावा होता. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि पद्धतीत मोठ्याने ओरडणं व प्रसंगी मांडीवर चापटी यांचाही समावेश होता. हे तपशील मागे पडले, ‘वेगळं ओळखू न येणं’ तेवढं जगभर पसरलं. ही पद्धत, म्हणजे अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, आई-बाबांच्या तोंडी ‘एबीए’, आज लोवासच्या काळाहून पुष्कळ सौम्य झाली आहे. बहुतेक ठिकाणी चापटीची जागा चॉकलेट, टाळ्या आणि आवडत्या खेळण्याने घेतली. तरी मुलाच्या फाइलमधला कागद पाहिला तर जुनी उद्दिष्टं तिथे बसलेली दिसतात: पाच सेकंद आय कॉन्टॅक्ट, वीस मिनिटं सिटिंग, हात शांत.

ही मुलं मोठी झाली. त्यांतली कित्येक बोलू लागली, लिहू लागली. ज्यांना लहानपणी निदानच मिळालं नव्हतं अशी तिशी-चाळिशीतली माणसंही त्यांना येऊन मिळाली. आणि लहानपणी ज्यांच्यावर उद्दिष्टं बेतली गेली, त्यांनीच ती तपासायला घेतली. १९९३ साली टोरांटोच्या एका परिषदेत जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने पालकांना उद्देशून भाषण केलं. तुम्हाला जे मूल हवं होतं त्याचा शोक खुशाल करा, पण तो शोक समोर असलेल्या मुलाच्या अंगावर टाकू नका, असा त्याचा मथितार्थ. समोरचे पालक खूश झाले असतील असं नाही. पण त्यानंतर ऑटिझमविषयीच्या चर्चेत आणखी एक बाजू आहे हे कोणाला नाकारता येईना. २००६ साली अमेरिकेत ऑटिस्टिक व्यक्तींनीच चालवलेली ऑटिस्टिक सेल्फ अ‍ॅडव्होकसी नेटवर्क ही संस्था उभी राहिली. आमच्याविषयीचे निर्णय आमच्याशिवाय नकोत, ही अपंग चळवळीतली जुनी घोषणा तिनेही उचलली.

या मंडळींचं म्हणणं ऐकायला आय कॉन्टॅक्टपासून सुरुवात करणं सोयीचं. ऑटिस्टिक प्रौढांनी वर्षानुवर्षं सांगितलं आहे की समोरच्याच्या डोळ्यांत बघताना तो काय बोलतोय हे ऐकू येईनासं होतं. काहींना अंगावर चटका बसल्यासारखं वाटतं. नूशिन हाजिखानी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मेंदूच्या स्कॅनवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. चेहऱ्याच्या डोळ्यांच्या भागाकडे बघायला भाग पाडलं की ऑटिस्टिक व्यक्तींच्या मेंदूच्या खोल भागातली, चेहरे टिपणारी यंत्रणा इतरांपेक्षा जास्त पेटून उठते, असं त्यात दिसलं. म्हणजे नजर चुकवणं हा दुर्लक्षाचा नव्हे, तर भार हलका करण्याचा प्रकार असू शकतो. आणि आपल्याकडे तर या उद्दिष्टाची आणखीच गंमत आहे. मोठ्या माणसांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणाऱ्या पोराला मराठी घरात उद्धट म्हणतात. आजोबा रागावले की मान खाली घालायची असते. हाच मुलगा थेरपीला गेला की डोळ्यांत बघायला शिकतो, आणि बघितल्याबद्दल टिकमार्क मिळवतो. पाश्चात्त्य शिष्टाचार उपचार म्हणून आयात झाला आणि इथे कोणी त्याची झडती घेतली नाही.

दुसरा मुद्दा हातांचा. हात फडफडवणं, पुढेमागे झुलणं, बोटं डोळ्यांसमोर नाचवणं, एकच शब्द घोळवणं, या सगळ्याला ‘स्टिमिंग’ म्हणतात. वर्गात ते थांबवायला अमेरिकेत ‘शांत हात’ अशी आज्ञा दिली जाई आणि मुलाने ऐकलं नाही तर हात धरून टेबलावर दाबून ठेवले जात. ज्युलिया बास्कम या ऑटिस्टिक लेखिकेने २०११ साली या आज्ञेवर एक निबंध लिहिला आणि तो ऑटिस्टिक वाचकांमध्ये खूप फिरला. स्टीव्हन कॅप आणि सहकाऱ्यांनी तीसेक ऑटिस्टिक प्रौढांना स्टिमिंगबद्दल विचारलं आणि २०१९ साली निष्कर्ष छापले. गोंगाट, भीती किंवा अतोनात आनंद यांचा लोंढा आला की ही हालचाल मन ताळ्यावर ठेवते, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. ती थांबवण्याला त्यांचा विरोध होता. स्वतःला इजा होत असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथेही आधी इजेचं कारण शोधा, असा त्यांचा आग्रह असतो. न बोलणारं मूल अचानक डोकं आपटू लागलं तर वर्तनाचा तक्ता भरण्याआधी त्याची दाढ बघावी, कान बघावा, पोट बघावं. कितीदा दुखणं ठणकत असतं आणि नोंद ‘हट्टीपणा’ म्हणून होते.

टेंपल ग्रँडिन यांची हकिगत इथे सांगायलाच हवी. कॉलराडोत पशुविज्ञानाच्या प्राध्यापक असलेल्या ग्रँडिन यांना माणसांची मिठी सहन व्हायची नाही, पण दाबाची मात्र गरज वाटायची. अ‍ॅरिझोनातल्या मावशीच्या रँचवर लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी फळ्यांमध्ये धरणारा सापळा त्यांनी पाहिला. त्यात सापडल्यावर काही गुरं शांत होतात हे हेरलं. मग त्या स्वतःच आत शिरून बसल्या. पुढे लाकडी फळ्या जोडून त्यांनी आपल्यासाठी तसंच एक यंत्र बनवलं, हाताने चालवायचं, दाब आपल्या मनाप्रमाणे कमी-जास्त करता येईल असं. मानसतज्ज्ञांना हा प्रकार विकृत वाटला, ते यंत्र काढून घ्यायला निघाले. विल्यम कार्लॉक नावाच्या विज्ञानशिक्षकाने मात्र सांगितलं, हे कसं काम करतं ते शोधून काढ. त्या शोधातून ग्रँडिन संशोधनाकडे वळल्या. ध्वनी, स्पर्श, प्रकाश यांची ही असह्यता ऑटिस्टिक माणसं पुस्तकांतून केव्हाची सांगत होती. अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत, डीएसएममध्ये, निकष म्हणून ती २०१३ साली आली.

आता याच ग्रँडिन लहान मुलांना लवकर आणि भरपूर शिकवावं अशा मताच्या आहेत. आईने आपल्याला रांगेत थांबणं, आपली पाळी येईपर्यंत वाट बघणं, जेवणाच्या टेबलावरच्या रीती शिकवल्या याचं त्या तिला मोठं श्रेय देतात. म्हणजे ऑटिस्टिक प्रौढ एकाच सुरात बोलतात असं समजायचं कारण नाही. आणि ‘मुलाला आहे तसं सोडून द्या’ असंही त्यांच्यापैकी फारसं कोणी म्हणत नाही, जरी विरोधक ते त्यांच्या तोंडी घालतात. रस्ता ओलांडता यावा, पाण्याचा धोका कळावा, संडासला जाता यावं, स्वतःच्या हाताने जेवता यावं याला कोणाची हरकत असणार? भांडण आहे ते वेगळं ओळखू न येण्याशी.

त्या उद्दिष्टाची किंमत गेल्या दशकात मोजली जाऊ लागली. आपलं ऑटिस्टिक असणं झाकून इतरांसारखं वागत राहण्याला ‘मास्किंग’ म्हणतात. गप्पांचे संवाद पाठ करायचे, हसायची वेळ इतरांकडे बघून ठरवायची, हात खिशात दाबून ठेवायचे. सेरा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं झाकून जगणं आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध आढळला. हवा तो आधार न मिळणं हा दुसरा घटक. डोरा रेमेकर या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अमेरिकी संशोधिकेने २०२० साली ‘ऑटिस्टिक बर्नआउट’चं वर्णन मांडलं. महिनोन्‌महिने टिकणारा थकवा, आधी येत असलेली कामं येईनाशी होणं, आवाज-उजेड आणखी असह्य होणं. तेव्हा पाच वर्षांच्या मुलाला ‘शहाण्यासारखं’ बसवून दाखवलं म्हणून टाळ्या वाजवताना, तो पंचवीस वर्षांचा झाल्यावर हे बसणं त्याला कितीला पडेल, हा हिशोब कोणी तरी करायला हवा. उपचारांच्या अभ्यासांत तो क्वचितच होतो. क्रिस्टन बोटेमा-ब्यूटेल आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांवरच्या दीडशे अभ्यासांचे अहवाल तपासले, तर बहुतांश ठिकाणी दुष्परिणामांचा उल्लेखच नव्हता. साध्या पॅरासिटामोलचेसुद्धा दुष्परिणाम नोंदलेले असतात.

टोकाचं उदाहरणही आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या जज रोटेनबर्ग सेंटर या निवासी संस्थेत ऑटिस्टिक आणि इतर विकासात्मक अपंगत्व असलेल्या मुलांना व प्रौढांना वर्तन बदलण्यासाठी विजेचे झटके दिले जात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली त्या उपकरणावर बंदी घातली, २०२१ साली न्यायालयाने ती उठवली, २०२४ साली प्रशासनाने पुन्हा बंदीचा प्रस्ताव मांडला. तिथून सुटून आलेल्या माणसांनी साक्षी दिल्या नसत्या तर ही गोष्ट इतकी पुढे आली नसती.

मग ऑटिस्टिक प्रौढांना मुलांसाठी हवं तरी काय? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झालेल्या एका पाहणीत ऑटिस्टिक प्रौढ, पालक आणि व्यावसायिक अशा तिन्ही गटांना बालपणीच्या उद्दिष्टांची पसंती विचारली. मुलाचं जगणं सुखाचं होणं आणि भोवतालच्या माणसांची समज वाढणं ही उद्दिष्टं वरच्या बाजूला आली. ऑटिझमची लक्षणं कमी करणं आणि ठरावीक पद्धतीने खेळायला शिकवणं खाली गेलं. पालक आणि ऑटिस्टिक प्रौढ एकमेकांचे वैरी आहेत असं जे चित्र रंगवलं जातं, त्याच्याशी हे फारसं जुळत नाही.

संवादाबद्दल मात्र प्रौढांचं मत ठाम असतं: संवाद हवा, तो तोंडानेच व्हावा असा हट्ट नको. चित्रं, खुणा, टाइप करणं, टॅबवरचं बटण, जे चालेल ते. चेन्नईत अजित नारायणन यांनी बनवलेलं ‘आवाज’ हे उपकरण, चित्र दाबलं की बोलणारं, याच गरजेतून आलं आणि आता अ‍ॅपच्या रूपात मिळतं. बटणं दिली की मूल बोलायचं आळसावेल ही पालकांची भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. सावधगिरी बाळगायची ती दुसऱ्या जागी: मुलाचा हात किंवा अक्षरांचा तक्ता दुसऱ्याने धरून शब्द काढायच्या ज्या पद्धती आहेत, त्यांत शब्द धरणाऱ्याचेच असण्याचा धोका असतो. अमेरिकेतल्या वाचा-भाषातज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. आणि बटणांच्या पहिल्या पानावर ‘पाणी’, ‘खाऊ’, ‘बाय’ यांच्या जोडीला ‘नको’, ‘थांब’ आणि ‘दुखतंय’ असायला हवं. सांगितलेलं सगळं निमूट करायला शिकलेलं मूल वाईट हेतूच्या माणसाचंही निमूट ऐकतं, हे ऑटिस्टिक प्रौढ, त्यातही स्त्रिया, पोटतिडकीने सांगतात.

याला एक आक्षेप आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. चारचौघांत भाषण करणारा ऑटिस्टिक इंजिनिअर माझ्या मुलाच्या वतीने कसा बोलणार, असं पालक विचारतात. त्यांचा मुलगा वीस वर्षांचा आहे, बोलत नाही, चोवीस तास कोणी तरी सोबत लागतं, रात्र-रात्र झोपत नाही. ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने २०२१ च्या अहवालात अशा व्यक्तींसाठी ‘प्रोफाउंड ऑटिझम’ हा वेगळा शब्द सुचवला, तो यांच्या गरजा चर्चेत बुडून जाऊ नयेत म्हणून. बऱ्याच ऑटिस्टिक कार्यकर्त्यांना तो शब्द पटला नाही. पालकांच्या आक्षेपात तथ्य आहे. ‘आमच्यानंतर काय?’ हा त्यांचा प्रश्न कोणत्याही घोषणेने सुटत नाही. पण याचा अर्थ प्रौढांचं ऐकू नये असा होत नाही. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पळणाऱ्या मुलाला आत काय होत असेल, याचा अंदाज देऊ शकणारी माणसं जगात थोडी आहेत, आणि शेजारच्या थेरपिस्टपेक्षा ती त्या अनुभवाच्या जास्त जवळ आहेत.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. त्यांनी २०१२ साली एक साधी गोष्ट मांडली: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही म्हणतात, तर इतरांना तरी त्याचं कुठे कळतं? गैरसमज दोन्हीकडून आहे, मग शिकवणी एकालाच का? नंतरच्या प्रयोगांचे निकाल एकसारखे आले नाहीत. एडिंबरोतल्या प्रयोगात ऑटिस्टिक माणसं आपसांत माहिती उत्तम पोचवतात असं दिसलं, पुढच्या मोठ्या प्रयोगात गटागटांत फरक आढळला नाही. पण ऑटिस्टिक माणसांना संवाद साधता येत नाही, हे दोन्हींतून निघालं नाही.

शिकवणी दुसऱ्या बाजूलाही देण्याची ही दिशा आपल्या जवळही येऊन गेली आहे. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने गौरी दिवाण यांच्या पुढाकाराने, मँचेस्टरमध्ये तयार झालेली एक पद्धत इथल्या घरांसाठी बेतली. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवर तिची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१६ साली छापून आले. ती चालवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते होते. ते घरी जायचे, आई मुलाशी खेळतानाचं चित्रीकरण करायचे आणि मग दोघं मिळून ते बघायचे. मूल गाडीचं चाक फिरवतंय. आई म्हणतेय, ‘हा रंग कुठला? सांग, लाल कुठे?’ चित्रफितीत दिसतं की प्रश्नांच्या भडिमारात मुलाने एकदा तिच्याकडे गाडी सरकवली होती आणि ती तिच्या नजरेतून निसटली. पुढच्या वेळी ती थांबते, वाट बघते, चाक फिरलं की ‘गर्र’ म्हणते. इथे बदलायचं होतं मोठ्या माणसाचं वागणं. पालकांचं मुलाशी जुळवून घेणं वाढलं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. एकत्र लक्ष देण्याच्या एका मोजमापात घट आली, तेही संशोधकांनी लपवलं नाही.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. त्याच कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे: पालक आणि ती व्यक्ती यांनी परस्पर विश्वासाने, मिळून निर्णय घ्यायचे. अठरा वर्षं ज्याला ‘नको’ म्हणायची मुभाच मिळाली नाही, त्याच्याबरोबर हा संयुक्त निर्णय कसा घेणार, याचं उत्तर कागदपत्रांत नाही. ते बालवाडीतल्या उद्दिष्टांच्या कागदावरच लिहावं लागेल.

तेव्हा पुढच्या वेळी थेरपी सेंटरमध्ये गोल्सचा कागद समोर आला की प्रत्येक ओळीपुढे विचारावं: हे मुलाच्या सोयीचं की आपल्या? गणपतीच्या मिरवणुकीत मूल कान दाबून रडत असेल तर ‘सहनशक्ती वाढवणे’ लिहायचं, की आवाज कमी करणारे हेडफोन घेऊन मागच्या गल्लीतून घरी यायचं? आणि पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात ऑटिझमवर जी शिबिरं आणि पालकमेळावे भरतात, त्यांच्या आयोजकांना एक विनंती. व्यासपीठावर डॉक्टर असावेत, थेरपिस्ट असावेत, पालक असावेत. एक खुर्ची ऑटिस्टिक प्रौढासाठी ठेवा, प्रश्न आधी लेखी कळवा, हॉलचे दिवे जरा मंद करा, टाळ्यांऐवजी हात हलवा. आणि इतर वक्त्यांना देता तेवढंच मानधन त्यालाही द्या.